उत्तरेकडचे निनावी दगड

६ मार्च १९६७, सोमवार

हार्लन टटल आज पायपुसण्यावर बूट घासून मगच घरात आला. म्हणजे काम होतं. चौथीत असतानाही हा मुलगा गृहपाठ राहिला की त्या दिवशी अगदी गरीब गाय होऊन यायचा. आता सेहेचाळीस वर्षांचा आहे, ट्रॅक्टरचं दुकान आहे. नेब्रास्काच्या शंभरीनिमित्त आमचं प्लम फोर्कही सोहळा करणार आहे, त्या समितीचा हा अध्यक्ष.

"मिस द्राहोटा, वरच्या दफनभूमीचा इतिहास तुम्हीच लिहावा असं सगळ्यांचं मत पडलं. पुस्तिकेत छापायचाय. दोन पानं. फार लांबवू नका."

"चाळीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आले, कुणी ऐकलं नाही," मी म्हटलं. पण आतून सुखावले. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही लिहायला सांगितलेलं नाही.

जाता जाता त्यानं पुढचंही सांगितलं. कबरींवरचे दगड उपटून एका सिमेंटच्या भिंतीत ओळीनं बसवायचे, म्हणजे गवत कापायच्या यंत्राला आडकाठी राहणार नाही. सगळं ३० मेच्या आत, कारण त्या दिवशी सारा गाव फुलं घेऊन वर येतो. "आणि उत्तरेकडचे ते धोंडे काढून टाकू. त्यांच्यावर काही लिहिलेलंच नाही, तर भिंतीत बसवायचं काय?"

मी "बरं" म्हटलं. इथं खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहून ठेवते. मी "बरं" म्हटलं.

माझा थोरला भाऊ बोहुश सूप पीत होता. अर्ध्यातच चमचा ठेवून गोठ्याकडे निघून गेला. एक्याऐंशीच्या वयात माणसाला लहर येते. सूप मीच गरम करून पुन्हा ठेवलं. त्यानं घेतलं नाही.

९ मार्च, गुरुवार

बोहुशला घेऊन वर गेले. वारा असा की टोपी हातातच धरावी लागली. दक्षिणेकडे नावांचे दगड, मधोमध हार्लनच्या आजोबांचा, म्हाताऱ्या जोसाया टटलचा खांब, घोड्यावरून जाणाऱ्यालाही मान वर करून वाचावा लागेल एवढा उंच. जमीन त्यानंच दिली होती, म्हणून. उत्तरेच्या उतारावर मात्र नुसते शेतातले धोंडे. वाळल्या गवतातून हातानं चाचपत मोजले. पंचवीस.

हे धोंडे म्हणजे ज्यांना दगडावर नाव कोरून घेणं जमलं नाही ती माणसं. मातीच्या घरांत राहणारी, गावात सर्वांत आधी आलेली.

मी मोजत होते तेवढा वेळ बोहुश तारेच्या कुंपणाशी, अगदी टोकाच्या कोपऱ्यात पाठमोरा उभा होता. खांब कुजलाय का बघत असावा. शेतकरी माणूस, कुंपण दिसलं की राहवत नाही.

परत येताना मी म्हटलं, "दगड काढले तर खाली कोण आहे ते कुणाला कळणारच नाही रे."

"आत्ता तरी कुणाला कळतंय?" म्हणाला.

१४ मार्च, मंगळवार

इतिहासाच्या पहिल्याच वाक्याला अडखळले. गावात सगळे सांगतात की इथं सर्वांत आधी जोसायाची बायको पुरली. आईच्या पेटीतल्या पत्रांत वेगळंच निघालं. १८७१च्या उन्हाळ्यात टटलची विहीर खणताना कडा कोसळून एक मजूर गाडला गेला. त्याला काढून टेकडीवर पुरलं. जोसायाच्या बायकोच्या दोन वर्षं आधी. नाव पत्रात नाही. आईनं लिहिलंय, "तो आयरिश गाणारा."

हार्लनला फोन केला.

"मिस, नाव नाही, कागद नाही. गाणारा म्हणजे काय छापायचं?"

"गाणारा असंच छापायचं."

"समितीचा नियम आहे. ज्याला कागदाचा पुरावा, त्याचंच नाव."

"हा नियम कधी झाला?"

तो म्हणाला, "आजच करतोय."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, मला राग आलाय. चांगला, ताजा राग. खूप दिवसांनी आला.

२६ मार्च, ईस्टरचा रविवार

हॅम केलं, कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, केले. बोहुशनं तोंडही लावलं नाही. दर ईस्टरला याचं असंच. गेली कित्येक वर्षं बघतेय, सगळा गाव नवे कपडे घालून हिंडतो आणि हा सुतक असल्यासारखा बसतो. पपा आम्हाला चर्चच्या दारातही जाऊ देत नसत, त्यांचा देवाधर्मावर विश्वास नव्हता. बोहुशनं तेच धरून ठेवलं असेल. पण म्हणून कोलाच्यांवर राग कशाला?

११ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

वृद्धाश्रमात हुल्डा बेर्गस्ट्रॉमला भेटले. एक्याण्णव वर्षांची. डोळे गेलेत, जीभ शाबूत. १८८४च्या हिवाळ्यात घटसर्पानं गावातली मुलं गेली, एवढंच मला ऐकून माहीत होतं. विचारलं, "कोण कोण होती, आठवतं?"

"आठवायचं काय त्यात? माझ्याच बाकावर होती." तिनं हात पुढे केला आणि हवेत बोटं टेकवत डावीकडून उजवीकडे निघाली. "खिडकीशी नेल्स. त्याच्याजवळ त्याची बहीण ब्रिता, तिला थंडी वाजायची म्हणून तिला आत बसवायचे. मग ऑगुस्त लेन्झ. मग मी. माझ्या पलीकडे फ्रांटिश्का, मग दोन्ही योहान, एक मोठा एक छोटा. मागच्या बाकावर मार्था क्रोल, ती पेन्सिल चावायची."

सात नावं. मी पटापट लिहीत होते.

"बाक रिकामा झाला ना," हुल्डा म्हणाली, "तेव्हा बाईंनी मला दुसऱ्या बाकावर बसायला सांगितलं. मी गेले नाही. वर्ष संपेपर्यंत त्या बाकावर एकटी बसले. मार खाल्ला, पण हलले नाही."

निघताना माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तूही हलू नकोस."

१९ एप्रिल, बुधवार

समितीची बैठक. हुल्डाची सात नावं आणि लोकांच्या घरच्या बायबलांत लिहून ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदींतून मिळालेली आणखी नऊ घेऊन मी उभी राहिले. चांगलं बोलत होते. म्हटलं, या दगडांना हात लावणं म्हणजे ती माणसं दुसऱ्यांदा पुरणं.

हार्लन उठला. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

"मिस द्राहोटा, एकतीस साली तुम्ही आमचा वर्ग वर साफसफाईला नेला होता. शाळेच्या फुलझाडांच्या वाफ्याला कड करायला धोंडे हवे होते. उत्तरेकडचे सहा आम्ही उचलून आणले. दोन मीच आणले. तुम्ही मला शाबासकी दिली होती. घरी जाऊन आईला सांगितलं होतं मी."



मी विसरले होते. खरंच विसरले होते? वाफा तर रोज दिसायचा.

मी म्हटलं, "हो. आणले. मी चुकले. शाबासकी परत घेते, हार्लन, ती तुला चुकीच्या कामाची मिळाली. आणि तेच काम तुला पुन्हा करू देणार नाही."

मत घेतलं. सात विरुद्ध दोन. दगड जाणार.

२१ एप्रिल, शुक्रवार

काल दिवसभर अंथरुणातून उठले नाही. सदुसष्ट वर्षांची बाई, तोंडावर पांघरूण घेऊन.

आज इर्मा फियालाची गाडी मागितली. इर्मा केशभूषेचं दुकान चालवते, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट तिला आधी कळते. मी फावडं घेऊन शाळेच्या वाफ्यात बसलेली बघून म्हणाली, "अगं व्लास्ता, सांगायचंस ना, मीपण आणलं असतं." आणि नखं रंगवलेल्या हातांनी माती उकरू लागली. सहाही दगड वर नेले. कुठला कुठे होता ते मला सांगता येणार नाही. कधीच येणार नाही. उतारावर ओळीनं ठेवले आणि वहीत लिहिलं, "जागा हरवली, दोष माझा."

इर्मा घाम पुसत म्हणाली, "आता उरलेल्यांची नावं कुणाला विचारणार? बोहुशला विचारलंस?"

"त्याला काय माहीत?"

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होती, पण फावडं झटकत बसली.

२ मे, मंगळवार

विचारलं शेवटी. जेवताना. "बोहुश, उत्तरेकडचं शेवटचं दफन कधीचं? तुला आठवत असेल, तू तेव्हा मोठा होतास."

"नाही आठवत."

"१९०५-०६च्या सुमाराचं असेल, नाही?"

"सात." मग ताट सारून म्हणाला, "तुला दुसरं काही काम नाही का गं? मेलेल्यांना राहू दे की!"

इतका ओरडला नव्हता कधी. मी उलट ओरडले, "मी त्यांना राहूच तर देतेय! हलवतोय तो हार्लन!" तो उठून गेला. हार्लनला घाबरतो की काय? टटल लोकांपुढे आमच्या घरात पूर्वीपासून सगळे दबून असायचे. पपासुद्धा. मला त्याची चीड येते.

१९०७ म्हटल्यावर मलाही थोडं आठवलं. मी सात वर्षांची होते. फेब्रुवारीत मला अचानक मावशीकडे पाठवलं होतं, दहा दिवस. परत आले तर बोहुशच्या दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. विहिरीवरचा बर्फ फोडताना सोलवटले, असं आई म्हणाली. त्या हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी होती.

त्या सालचं दफन कुणाचं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

१५ मे, सोमवार

समितीचं पत्र. सोमवारी, २२ तारखेला सकाळी उत्तरेकडचा भाग ट्रॅक्टरनं साफ करणार. खाली हार्लनची सही. अक्षर अजून तसंच, गचाळ.

इर्माच्या दुकानात गेले. तीन बायका केस वाळवायच्या यंत्राखाली डोकं घालून बसलेल्या. मी पत्र मोठ्यानं वाचलं, यंत्राच्या आवाजात ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं.

"मग करायचं काय?" एकीनं विचारलं.

"बसायचं," मी म्हटलं. "प्रत्येक दगडाशी एक खुर्ची. स्वयंपाकघरातली आणा. हुल्डाला एका बाकावरून कुणी उठवू शकलं नाही, आपल्याला कोण उठवतो बघू."

इर्मा म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांना दोन दोन तास बसायची सवय आहेच."

हसलो सगळ्या. पण घरी आल्यावर भीती वाटली. कुणी आलंच नाही तर एकतीस दगडांमध्ये मी एकटी, खुर्चीवर. वेडी म्हातारी म्हणून पुस्तिकेत फोटो येईल.

२२ मे, सोमवार

सकाळी सातला पोचले तेव्हा इर्मा आधीच बसलेली होती, मांडीवर विणकाम. मग एकेक गाडी यायला लागली. केसांना चाप लावून वर रुमाल बांधलेल्या बायका, त्यांच्या मागे खुर्च्या वाहणारे कुरकुरणारे नवरे. माझी जुनी विद्यार्थिनी, तान्हं मूल घेऊन. हुल्डाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. "माझी खुर्ची मी घेऊनच फिरते," ती म्हणाली. "मला मार्थाजवळ ठेवा." कुठला दगड मार्थाचा, कुणाला ठाऊक? इर्मानं तिला एका लहान दगडाशी ठेवलं आणि ती हात लावून बसली.

मोजलं तर बावीस जण.

नऊ वाजता ट्रॅक्टर आला. हार्लन स्वतः चालवत होता. त्याच्या दुकानातल्या माणसांनी नाही म्हटलं, असं नंतर कळलं.

"मिस द्राहोटा, हे शोभतं का तुम्हाला?"

"हार्लन, आधी यंत्र बंद कर. बाळ झोपलंय."

त्यानं बंद केलं. सवयीनंच.

"नऊ दगडांशी तर कुणीच नाही," तो म्हणाला. "तिथून सुरुवात करतो." आणि कुंपणाकडच्या कोपऱ्याकडे हात केला.

तेवढ्यात खालच्या रस्त्यानं बोहुश येताना दिसला. आमची स्वयंपाकघरातली खुर्ची खांद्यावर, अंगात काळा कोट, पपांच्या अंत्यविधीनंतर कपाटात पडलेला. चढावर दोनदा थांबला. मी जवळच्या, झाडाच्या सावलीतल्या दगडाकडे बोट केलं. त्यानं बघितलंही नाही. सगळ्यांच्या मधून चालत पार टोकाच्या कोपऱ्यात गेला, उन्हात, तारेला लागून असलेल्या दगडाशी. खुर्ची मांडली, टोपी काढून दगडावर ठेवली आणि बसला.

"बोहुमिलकाका," हार्लन म्हणाला, "तुम्ही कशाला यात पडता? या वयात?"

"हार्लन, तुझ्या आजोबांसमोर मी एकदा गप्प बसलो होतो. आज नुसता बसलोय. गप्प नाही." मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आणायचा असेल तर आण तुझा ट्रॅक्टर. माझ्यावरून आण."

हार्लन बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला. मग ट्रॅक्टर उलटा वळवला आणि खाली घेऊन गेला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या, बाळ उठलं. मी बोहुशला विचारलं, आजोबांचं ते काय? कुंपणाच्या हद्दीवरून झालेलं भांडण का? तो म्हणाला, "हं." दुपारपर्यंत तिथून उठला नाही.

२४ मे, बुधवार

समितीनं माघार घेतली. उत्तरेकडचे दगड राहणार. मात्र माझा इतिहास छापणार नाहीत, पुस्तिकेत जोसायाच्या खांबाचा फोटो येणार. येऊ दे. मी ३० तारखेला नावं तिथंच उभी राहून वाचणार आहे, ते समितीच्या हातात नाही.

सकाळी टेबलावर यादी नीट उतरवून काढत होते. बोहुश समोर येऊन बसला.

"कोपऱ्यातल्या दगडापुढे काय लिहिलंस?"

"१९०७, नाव माहीत नाही."

"खोड ते. अनेश्का लिही."

मी लिहिलं. वर बघितलं नाही, न जाणो थांबेल म्हणून.

"टटलकडे कामाला होती. दिवस गेल्याचं दिसायला लागलं तसं जोसायानं हाकललं. मी पपांना म्हटलं, उद्याच लग्न करतो. ती चर्चला जाणारी, आपण नाही. पपा म्हणाले, ईस्टरपर्यंत थांब, तोवर चर्चशिवायच्या लग्नाला समजूत घालू तिची." खिडकीबाहेर बघत होता. "थांबलो. बाळंतपण आधीच झालं. दोघंही त्याच रात्री गेली. पाद्री येईना. जोसाया म्हणाला, माझ्या जमिनीत पुरायचं तर कोपऱ्यात पुरा, आणि नाव लिहायचं नाही. पपा हो म्हणाले. मीही हो म्हणालो."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. हे हात साठ वर्षं माझ्यासमोर जेवले. मी शिकवणारी बाई, दुसऱ्यांच्या मुलांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखणारी. मला काहीच दिसलं नव्हतं.

"मुलगा की मुलगी?" एवढंच विचारता आलं.

"मुलगी."

मग विचारलं, "आडनाव काय लावू?"

तो उठला. खुर्ची आत सरकवली. "आपलंच लाव," म्हणाला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.

३० मे, मंगळवार

गाव नेहमीसारखा फुलं घेऊन वर आला. आधी दक्षिणेकडे भाषणं झाली. भिंत झालीय, सिमेंट अजून ओलं आहे. मी उत्तरेच्या उतारावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, पाच माणसं थांबली तरी वाचेन. जवळजवळ सगळेच आले. हार्लनही आला, बायकोमुलांसकट, जरा मागे उभा राहिला.

वाचायला सुरुवात केली. "आयरिश मजूर, विहिरीत गेला, गाणारा होता." कुणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या. हुल्डाचा बाक खिडकीपासून वाचला. ती ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होती. माझ्या हातून जागा हरवलेल्या सहांचंही वाचलं.

मग म्हटलं, "अनेश्का द्राहोटा आणि तिची मुलगी. फेब्रुवारी १९०७."

कुजबुज उठली. आमचं आडनाव गावात दुसऱ्या कुणाचं नाही. समितीतल्या एक बाई पुढे झाल्या, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मिस द्राहोटा, या नावाला काही कागद आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला. बोहुश दगडाशी ताठ उभा होता.

"कागद नाही," तो म्हणाला. "नवरा आहे."

बाई मागे सरल्या. हार्लननं मान खाली घातली.

मी यादीतलं पुढचं नाव वाचलं.